तांबी आणि तंबी

चेन्नईतल्या मराठी मंडळींच्या कोजागरीला कोणीतरी हमखास विचारतं, "तुम्ही नेमकं काय करता?" मी सरळ सांगते. दिवस राहू नयेत म्हणून काय काय वापरता येतं, ते बायकांना समजावून सांगते. समोरच्याच्या हातातला दुधाचा पेला तिथेच थांबतो. पुरुष बहुधा "अच्छा, मेडिकल लाइन" म्हणून पुढे सरकतात. बायका त्या वेळी काही बोलत नाहीत. नंतर चपला शोधताना त्यातली एखादी मला बाजूला गाठते आणि म्हणते, "जरा विचारायचं होतं."

गेली सहा वर्षं मी हेच करते आहे. या अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा म्हणून निरोप आला, तेव्हा सोबत ‘जरा हलकंफुलकं असू द्या’ अशी सूचनाही होती. या कामात हलकंफुलकं काही नसतं, असं खडसावून उत्तर लिहायला मी बसले होते. मग तांबीची गोष्ट आठवली आणि ते उत्तर फाडून टाकलं.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण या गोष्टीत सगळ्यात जास्त चुकलं ते माझंच. माझी आई इचलकरंजीत सूतगिरणीतल्या बायकांची संघटना बांधायची. आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. उरलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या वह्यांना असायची. गणिताच्या वहीवर ‘समान कामाला समान दाम’, इतिहासाच्या वहीवर ‘बाईचं शरीर ही प्रयोगशाळा नाही’. हे दुसरं पत्रक बायकांना पुरतं काही न सांगता गर्भनिरोधक इंजेक्शन टोचण्याविरुद्ध होतं, आणि त्यातला एकही शब्द मला आज मागे घ्यायचा नाही. माझं चुकलं ते वेगळ्याच ठिकाणी. मी पत्रक वाचून माणसाकडे जायची. माणसाकडून पत्रकाकडे कधी आलेच नव्हते.

आमचा दवाखाना एग्मोर स्टेशनच्या मागच्या गल्लीत आहे, एका लहानशा ट्रस्टचा. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या आणि एक लांब पडवी. मला घेतलं ते मराठीसाठी. शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांत आपल्याकडची बरीच तरुण जोडपी येऊन राहिली आहेत. त्यातल्या बायकांना कामचलाऊ तमिळ येतं, पण पाळीबद्दल कामचलाऊ भाषेत बोलता येत नाही. महिन्यातून दोनदा मी तिकडे जाते, कँटीनच्या हॉलमध्ये बोलते, आणि ज्यांना नीट बोलायचं असतं त्या बसने एग्मोरला येतात.

दवाखाना खऱ्या अर्थाने चालवतात त्या तुळजा सिस्टर. तंजावरच्या मराठी. त्यांच्या घराण्याला महाराष्ट्र सोडून इतक्या पिढ्या झाल्या की गाव कुठलं हे कोणालाच सांगता येत नाही. तमिळ बायका त्यांना तुळजाम्मा म्हणतात. माझ्याशी त्या त्यांच्या घरच्या मराठीत बोलतात. जुन्या पोथीतली वाटावी अशी भाषा, वर तमिळचा हेल. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "जेवलीस कां गे?" आणि मला वाटलं, कुठल्यातरी जुन्या कागदावरची शाई अचानक बोलायला लागली.

सिस्टरांकडे एक स्टीलचा डबा आहे. घट्ट झाकणाचा, फराळाला असतो तसा. त्यात दाखवायला म्हणून सगळी साधनं असतात. ज्यांनी ती कधी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते, कारण शिकल्यासवरल्या घरांतही याबद्दल अंधारच असतो. तोंडाने घ्यायच्या नेहमीच्या गोळ्या आणि तीन महिन्यांचं इंजेक्शन हे हार्मोनवर चालतं. ते बहुतेकींना सोसतं, काहींना सोसत नाही. हार्मोनशिवायचं म्हणाल तर निरोध आहे. रोगापासूनही वाचवणारी हीच काय ती एक वस्तू, पण ती दर वेळी आणि नीट वापरावी लागते. आपल्याच देशात शोधलेली एक गोळी आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची. ती नेहमीच्या हार्मोनच्या गोळ्यांसारखी नाही, पण पाळी मागेपुढे करते, आणि मग बाई घाबरते. दिवस मोजायची पद्धत आहे. पाळी घड्याळासारखी येत असेल आणि नवरा ऐकणारा असेल तरच. कायमचंच नको असेल तर ऑपरेशन आहे. पुरुषाचं बाईच्या मानाने कितीतरी सोपं, तरी ऑपरेशनच्या टेबलावर जाते ती बाईच. आणि डब्याच्या तळाशी, कागदी पाकिटात, तांबी.

तांबी म्हणजे कॉपर-टी. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची, बोटाच्या दोन पेरांएवढी प्लॅस्टिकची काडी, तिला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. ती गर्भाशयात बसवतात. तांब्यामुळे पुरुषबीज निकामी होतं. पाच वर्षांची असते, दहा वर्षांचीही असते, आणि वाटेल तेव्हा काढता येते. पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जातं, पोटात कळा येतात. हे आधी सांगावं लागतं. खाली दोन बारीक दोरे सोडलेले असतात. ते जागेवर लागले की ती जागेवर आहे.

सिस्टरांचा नियम एकच. डबा आधी उघडायचा नाही. आधी तीन गोष्टी विचारायच्या. मूल आता नको की कधीच नको? पाळीत रक्त किती जातं? आणि तिसरा प्रश्न ऐकून मी पहिल्यांदा हसले होते. तुझ्या घरी कुलूप लागेल अशी जागा आहे का?

मला हे भलतंच वाटायचं. हक्काची गोष्ट, आणि त्यात कुलपाचं काय? मी डबा उघडूनच बसायची. आणि माझ्या मनात तेव्हा एक साधी वाटणी होती. हार्मोन म्हणजे कंपन्यांचं, तांबं म्हणजे बाईचं.

त्या वाटणीची किंमत कामाक्षीने दिली. तिरुवल्लिकेणीत एकट्या पुरुषांची राहायची जी जुनी मॅन्शनं आहेत, त्यांतल्या एकाच्या मेसमध्ये ती इडल्या करायची. तिला इंजेक्शन हवं होतं. शेजारणीला त्याने पाळीचा त्रास कमी झाला होता. मी माझ्या नव्या नव्या तमिळमध्ये तिला तासभर समजावलं आणि तांबीकडे वळवलं. सिस्टर त्या आठवड्यात रजेवर होत्या, तांबी बदलीच्या नर्सने बसवली. रक्ताचा रिपोर्ट जुना होता, तो चालेल असं मीच ठरवलं. चार महिन्यांनी ती आली तेव्हा आमचा जिना चढताना तीनदा थांबली. तिच्या नखांना रंग नव्हता. सिस्टरांनी तांबी काढली, लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि ट्रस्टच्या डॉक्टरीणबाईंना विचारून तिला जे पहिल्यापासून हवं होतं ते इंजेक्शन दिलं. संध्याकाळी पिशवी खांद्याला लावताना म्हणाल्या, "पत्रक तुझें चांगलें असेल, मुक्ते. पण रक्त तिचें गेलें."

कामाक्षी बरी झाली. मला भेटली की अजूनही हसते. मला तेवढं मोकळं हसता येत नाही.

वैशाली आली ती यानंतर दोन वर्षांनी. तोवर मी आधी विचारायला शिकले होते. ऐकायला मात्र शिकले नव्हते, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला माहीत नव्हतं.

वैशाली मूळची इस्लामपूरची, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. नवरा सचिन इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. ती स्वतः शेजारच्या कारखान्यात होती, पण लेकीच्या, पिऊच्या वेळी उलट्यांनी हैराण होऊन सुट्ट्या पडल्या आणि कंत्राट पुढे वाढवलंच नाही. आता पिऊ दोन वर्षांची झाली होती. त्याच कारखान्याने क्वालिटी इन्स्पेक्टरच्या प्रशिक्षणासाठी वैशालीची निवड केली होती. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून सुरुवात, सहा महिने एकही खाडा चालणार नाही, नंतर कायम नोकरी. तिच्यासाठी सगळं या सहा महिन्यांवर टांगलेलं होतं.

एका बुधवारी सकाळी ती पिऊला कडेवर घेऊन आली. तिला फक्त तारीख लवकर हवी होती. कॉलनीजवळच्या एका दवाखान्यात तिला तांबीच्या आधी घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या, तीन महिने घ्या आणि मग या म्हणून सांगितलं होतं. पण तीन महिन्यांनी ती प्रशिक्षणात असणार. तांबी आत्ताच बसवता येईल का?

तांबीच्या आधी गोळ्या कसल्या? मी म्हटलं, दाखवा. तिने पर्समधून पट्टी काढली. लहानशा पिवळ्या गोळ्या, पंधरा संपलेल्या. फोलिक ॲसिड.

फोलिक ॲसिड मूल हवं असलेल्या बाईला देतात, दिवस राहायच्या आधीपासून, बाळाचा पाठीचा कणा नीट घडावा म्हणून. दिवस न राहण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

तिला आधी नेहमीच्या गोळ्या चालू होत्या. पण तिला अर्धशिशी आहे. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या वाकड्यातिकड्या रेघा नाचतात. अशा बाईने त्या गोळ्या घेऊ नयेत, मेंदूत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी त्या बंद केल्या, म्हणून ती हार्मोन नसलेलं काहीतरी शोधत होती. या नव्या गोळ्या सुरू झाल्या म्हणून घरातले निरोध तिने टाकून दिले होते. सचिन दोन आठवडे पुण्याच्या कारखान्यात होता, तो शुक्रवारी परत आला.

मी तिला सांगितलं, या गोळ्या कशाच्या आहेत ते. तिने पिऊला खाली ठेवलं.

"म्हणजे शुक्रवारी काहीच नव्हतं?"

मी काय केलं असेल? मी पॅड ओढलं आणि तक्रार लिहायला घेतली. बाईला न सांगता, तिच्या इच्छेविरुद्ध, तिला दुसऱ्या मुलाकडे ढकललं जातंय. वरिष्ठांकडे, आरोग्य खात्याकडे, वर्तमानपत्राकडे, सगळीकडे. आईची सगळी पत्रकं माझा हात चालवत होती. वैशाली खुर्चीच्या कडेला बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती, आणि मी दुसऱ्या परिच्छेदात शिरले होते.

तुळजा सिस्टर पिऊच्या रडण्याने आत आल्या. त्यांनी माझ्या पॅडकडे बघितलंसुद्धा नाही. पट्टी बघितली, वैशालीकडे बघितलं आणि मराठीत विचारलं, "कधीं झालें?"

"शुक्रवारी रात्री. एकदाच."

"त्याच्या आधीं पाळी?"

त्याच्या आधी बरोबर दोन आठवडे. म्हणजे नेमके नको ते दिवस. सिस्टरांनी बोटांवर मोजलं. शनि, रवि, सोम, मंगळ, आज बुध. "सेरि," त्या म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. "अजून दिवस आहे."

पुष्कळांना हे माहीत नसतं, म्हणून थांबून सांगते. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती मागचंही सांभाळते आणि पुढचंही. तातडीची गोळी असते. ती हार्मोनची असली तरी एकदाच घेतली तर अर्धशिशीवालीलाही सहसा बाधत नाही. पण तिचा जोर दिवसागणिक कमी होतो, आणि पाचव्या दिवशी तिच्यावर भिस्त ठेवावी अशी ती नाही. सिस्टरांनी हे दोन्ही वैशालीला सांगितलं. कुठलं चांगलं ते सांगितलं नाही. माझ्या हातात पेन तसंच होतं. पाचवा दिवस चालू आहे हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नव्हतं.

वैशालीचं रक्त तपासायला घेतलं, लघवीचीही तपासणी केली. निकाल यायला थोडा वेळ होता. तेवढ्यात सिस्टर तिच्यासमोर स्टुलावर बसल्या.

"तिथें काय म्हणालीस? इथें अर्थ सांगूं नको. जशी म्हणालीस तशीच म्हण."

"मला तमिळ धड येत नाही, सिस्टर. एवढंच म्हटलं, तांबी वेणुम्."

वेणुम् म्हणजे पाहिजे. सिस्टर पुढे वाकल्या.

"परत म्हण."

"तांबी वेणुम्. हार्मोन वेण्डाम्." म्हणजे हार्मोन नको.

"आणि पाप्पा कुठें होती?"

"पिऊ? कडेवर."

सिस्टरांनी ओठ घट्ट मिटले. त्यांचे खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं. मला आधी वाटलं, रडतायत.

"अय्यो, पोरी," त्या म्हणाल्या. "तंबी म्हणजे धाकटा भाऊ गे. कडेवर लेक घेऊन उभी राहिलीस आणि तंबी पाहिजे म्हणून मागितलेंस. ती बापडी काय करील? आनंदानें दिल्या तुला गोळ्या."

सहा वर्षांपैकी चार मी या शहरात तेव्हा काढली होती. तंबी हा शब्द मी दिवसातून वीस वेळा ऐकते. रिक्षावाल्याला तंबी, चहावाल्याला तंबी, बसमध्ये जागा दे म्हणून तंबी. तांबी हा शब्द माझ्या कामाचा. दोन्ही शब्द माझ्या तोंडात रोज शेजारी शेजारी होते आणि मला कधी ऐकू आले नव्हते. ज्या बाईच्या मराठीला आपल्याकडचे पाहुणे गंमत म्हणून हसतात, तिलाच ते ऐकू आले.

वैशाली हसली नाही. "घरी सासूबाई रोज हेच मागतायत," ती म्हणाली. "पिऊला भाऊ पाहिजे. त्यासाठीच आल्यात इस्लामपूरहून. आणि मी दवाखान्यात जाऊन पण तेच मागून आले?"

पिऊ टेबलाखाली गर्भाशयाचा प्लॅस्टिकचा नमुना घेऊन बसली होती आणि त्याला दामटून झोपवत होती.

मी पॅडवरचा कागद फाडला. पण एवढं मात्र मी आजही म्हणेन, आणि सिस्टरांसमोरही म्हटलं. शब्द चुकला हे खरं. पण तो इतका सहज खपला कसा? एक मुलगी असलेली बाई दवाखान्यात आली म्हणजे ती मुलगाच मागायला आली असणार, हे त्या बाईने काही बोलायच्या आधीच ठरलेलं होतं. म्हणून कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. सिस्टरांनी माझं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तें खरें. तूंही विचारला नाहींस."

मग त्यांनी त्यांचे तीन प्रश्न वैशालीला विचारले. मूल कधीच नको असं नाही, पण पाच वर्षं तरी नको. पाळी बेताची. आणि कुलूप? खोली एक आणि स्वयंपाकघर एक. कपाटाची किल्ली सासूबाईंकडे, त्या दर दोन दिवसांनी कपाट लावतात. नेहमीच्या गोळ्यांची पट्टी एकदा त्यांना सापडली होती. त्यांनी ती नुसती देवघरापुढे आणून ठेवली होती. सचिनला ती इथे आल्याचं माहीत होतं. तू काय ते ठरव, आईला मात्र कळू देऊ नको, एवढं त्याचं म्हणणं. मी त्या म्हणण्यावर एक अख्खा लेख लिहू शकते. सिस्टरांनी त्यावर फक्त मान हलवली. तेव्हा मला कुलपाचा प्रश्न पहिल्यांदा कळला. आपल्या शरीराखेरीज कुलूप लागेल अशी जागाच ज्यांच्याकडे नाही, अशा बायका किती आहेत, हे तो प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही.

रक्त चांगलं निघालं. लघवीच्या तपासणीत आधीचे दिवस गेलेले नाहीत हे कळलं. मग सिस्टरांनी डबा उघडला, सगळं तिच्या हातात दिलं. तिने प्रत्येक वस्तू वळवून वळवून बघितली, कारखान्यात पार्ट बघतात तशी. तांबीच्या दोऱ्याला हलकेच ताण दिला, तार मोजली आणि विचारलं, ही सरकते का? कधीकधी सरकते, सिस्टर म्हणाल्या. म्हणून सहा आठवड्यांनी बघायला यायचं. दुखेल का? कळा येतील. रक्त? पहिले काही महिने जास्त. काहीही लपवलं नाही.

"हीच बसवा," वैशाली म्हणाली.

आमच्या फॉर्मवर खाली एक ओळ आहे, ‘पतीची सही’. अशी सही कुठल्याही कायद्यात लागत नाही. कधीतरी कोणीतरी छापली आणि छापतच राहिले. ती ओळ काढावी म्हणून मी ट्रस्टला दोन वर्षं निवेदनं देत होते. सिस्टरांनी फॉर्म घेतला, त्या ओळीवर सरळ एक आडवी रेघ मारली आणि पुढे भरायला लागल्या. मी विचारलं, हे कधीपासून करता? म्हणाल्या, "आलें तेव्हांपासून." मी निवेदनं लिहीत होते तेवढ्या काळात त्यांनी रोज दोनतीन रेघा मारल्या होत्या. मी निवेदनं सोडलेली नाहीत. पण आता त्यांच्यासोबत रेघाही मारते.

तांबी बसवताना वैशालीचा हात धरून आपणच थांबणार असं मी गृहीत धरलं होतं. पण पिऊ आईला सोडेना. सिस्टरांनी तिला उचललं आणि माझ्याकडे दिलं. पत्रकं लिहिणारे माझे हात त्या दिवशी अखेर मूल धरायच्या कामाला आले. मी पडवीत तिला घेऊन येरझारा घातल्या. खालून गाड्यांच्या घोषणा ऐकू येत होत्या, आणि दाराआडून सिस्टरांचा आवाज. प्रत्येक गोष्ट करायच्या आधी त्या सांगत होत्या. आतां गार लागेल. आतां चिमटा बसल्यागत होईल. खोक. श्वास सोड. आतां झालें. त्या भाषेत कधी कोणी घोड्यावरून हुकूम सोडले असतील, दरबारात अर्ज वाचले असतील. मला वाटतं, ती त्या खोलीत वापरली जात होती त्याहून चांगल्या कामाला कधीच आली नसेल.

जाताना वैशालीने विचारलं, नक्की ना? सिस्टर म्हणाल्या, पाळी येईल तेव्हां नक्की. तोंवर मी नक्की म्हणून म्हणणार नाहीं.

पुढचे नऊ दिवस मी रोज फोन बघत होते. कोणालाही सांगून खरं वाटणार नाही, पण कोणाच्या तरी पाळीची इतकी वाट मी स्वतःच्याही वेळी पाहिलेली नाही. दरम्यान सिस्टरांनी त्या दुसऱ्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना फोन केला. मी शेजारीच होते. सिस्टरांच्या आवाजात ठपका नव्हता. मराठीत कॉपर-टीला असं असं म्हणतात, एवढंच त्यांनी सांगितलं. मग त्या बाई हळू आवाजात इतकंच म्हणाल्या की मी तिला शुभेच्छासुद्धा दिल्या हो. त्यानंतर त्यांनी स्वतःहून विचारलं, अजून कुठले शब्द असे आहेत? आम्ही दोघींनी बसून त्यांना यादी करून दिली. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात छोटं पत्रक, आणि ते खरोखर वाचलं गेलं.

नवव्या दिवशी काही आलं नाही. दहाव्या दिवशीही नाही. सिस्टर म्हणाल्या, दोन दिवस कांहीं नसतें. अकराव्या दिवशी मी तिरुवल्लिकेणीच्या बसथांब्यावर उभी असताना फोन वाजला. वैशालीचा एका शब्दाचा संदेश होता.

‘आली.’

मी सिस्टरांना फोन करून तोच शब्द सांगितला. त्या म्हणाल्या, "किती जातें तें विचारलेंस?" मी बस सोडली आणि आधी ते विचारलं.

वैशालीचं प्रशिक्षण एक तारखेला सुरू झालं. सहा आठवड्यांनी ती दाखवायला आली, कारखान्याच्या निळ्या शर्टात, काम सुटल्यावर थेट. पाळी जड गेली होती, कळाही आल्या होत्या. पण सांगितलं होतं तेवढंच, त्याहून जास्त नाही, असं ती इन्स्पेक्टरच्या थाटात म्हणाली. सासूबाई अजून होत्या आणि भाऊ अजून मागत होत्या. ते सगळं तांबीने सुटत नाही. मी ती सगळं सोडवते असं कधी सांगणारही नाही.

या वेळी पिऊ घरी होती, म्हणून मला आत थांबता आलं. वैशाली टेबलावर आडवी झाली, वर पंख्याकडे बघत. त्या टेबलावर सगळ्याच बायका पंख्याकडे बघतात, दात आवळून. तिने माझा हात घट्ट धरला होता. सिस्टरांनी दिवा जवळ ओढला, चष्मा वर सरकवला, वाकल्या आणि दोरे शोधू लागल्या. वैशालीची बोटं माझ्या मनगटात रुतली.

"आहे," सिस्टर अगदी गंभीरपणे म्हणाल्या. "तंबी जागच्या जागीं आहे."

वैशालीचा हात आधी ढिला पडला. मग तिचं पोट हललं, मग खांदे, आणि ती त्या टेबलावर, तशा अवस्थेत, मोठ्याने हसायला लागली. सहा वर्षांत मी त्या टेबलावर कोणाला हसताना पाहिलेलं नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही.

"हसूं नको गे," सिस्टर खालून म्हणाल्या. "दोरा दिसत नाहीं मला."